फोल्डर अडकतो तेव्हा नेमके कोण अडकलेले असते?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. सोयाबीन, कापूस आणि हळद ही इथली पिके. इथल्या शेतकऱ्याचा सरकारशी येणारा संबंध आज मोठ्या प्रमाणात एखाद्या दुकानातल्या संगणकामार्फत येतो. डिजिटल सहीचा सातबारा, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विमा ही सगळी कामे आपले सरकार सेवा केंद्रात किंवा ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या झेरॉक्सच्या दुकानात होतात. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला, २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. अशा प्रत्येक योजनेबरोबर या संगणकांमध्ये आधार कार्ड, रेशन कार्ड, पासबुक आणि फोटो यांच्या स्कॅन केलेल्या प्रतींची भर पडत गेली. अशा संगणकांची एक नेहमीची तक्रार असते. फोल्डर उघडायला गेले की खिडकी पांढुरकी पडते आणि वरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी अक्षरे उमटतात. कधी सगळे उघडे फोल्डर एकदम बंद होतात, खालची टास्कबार नाहीशी होते आणि क्षणभराने परत येते. समोर माणसे खोळंबलेली असतात, अर्जाची मुदत संपत आलेली असते. मग मशीन दुरुस्तीला जाते आणि ठरलेला निदान-उपाय एका वाक्यात मिळतो: विंडोज उडाली, फॉरमॅट मारावा लागेल.

या लेखाचे म्हणणे असे की हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते आणि काही वेळा घातक ठरते. फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे फाइल एक्सप्लोरर, स्वतः बिघडलेला क्वचितच असतो. तो एकतर कुणाची तरी वाट पाहत थांबलेला असतो, किंवा त्याच्या आत शिरलेल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी कोडमुळे कोसळलेला असतो. हे ‘कुणाची’ आणि ‘कुणाच्या’ शोधून काढता येते, त्यासाठी लागणारी सगळी साधने विंडोजमध्ये आधीपासूनच असतात किंवा फुकट मिळतात, आणि बराचसा तपास अर्ध्या तासात होतो. फॉरमॅटने मात्र पुरावाच पुसला जातो. बिघाड डिस्कचा असेल तर पुराव्याबरोबर लोकांची कागदपत्रेही जातात.

आधी हा प्रोग्रॅम काय आहे ते पाहू. विंडोज ३ च्या काळात फाइली हाताळायला फाइल मॅनेजर नावाचा वेगळा प्रोग्रॅम होता. १९९५ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ९५ आली तेव्हा त्याची जागा विंडोज एक्सप्लोररने घेतली, आणि फोल्डरच्या खिडक्या, डेस्कटॉप, स्टार्ट मेनू, टास्कबार हे सगळे एकाच प्रोग्रॅमकडे सोपवले गेले. विंडोज ८ पासून त्याच्या खिडक्यांचे नाव फाइल एक्सप्लोरर झाले, रचना मात्र मुळात तीच राहिली. म्हणूनच एक फोल्डर कोसळला तरी टास्कबार सोबत जाते आणि पाहणाऱ्याला सगळा संगणकच गेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ब्राउझरमध्ये अर्धा भरलेला अर्ज जसाच्या तसा असतो; आल्ट आणि टॅब दाबून त्याच्याकडे जाता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की टास्क मॅनेजर उघडतो, त्यातल्या यादीत विंडोज एक्सप्लोरर निवडून रिस्टार्ट म्हटले की काही सेकंदांत टास्कबारसकट सगळे पुन्हा उभे राहते. एक्सप्लोररमधून चालू असलेली फाइलींची कॉपी तेवढी तुटते, बाकी काही बिघडत नाही. एवढे माहीत नसल्यामुळे अनेकजण पॉवरचे बटण दाबून धरतात, आणि खरे नुकसान तिथून सुरू होते. विंडोजची एनटीएफएस ही फाइलव्यवस्था स्वतःच्या हिशेबाची नोंदवही ठेवते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी फोल्डरांची रचना सहसा सावरते. पण त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या फाइलीतला मजकूर वाचेलच याची हमी ती देत नाही. पेन ड्राइव्हवर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असते, त्यांच्याकडे अशी नोंदवहीसुद्धा नसते.

‘नॉट रिस्पॉन्डिंग’ या अक्षरांचा अर्थ लोक समजतात त्याहून फार मर्यादित आहे. प्रत्येक खिडकीकडे माऊसचे क्लिक, कळा, पुन्हा चित्र काढण्याच्या सूचना असे निरोप सतत येत असतात. पाच सेकंद उलटूनही एखाद्या खिडकीने आपले निरोप उचलले नाहीत, तर विंडोज तिच्या जागी तिचीच फिकट प्रतिमा ठेवते आणि वर ती अक्षरे लिहिते. हे बिघाडाचे निदान नाही, फक्त गैरहजेरीची नोंद आहे. तहसीलच्या खिडकीवर एकच कारकून असावा आणि एका माणसाचा जुना फेरफार काढायला तोच आत अभिलेख कक्षात जावा, तशी ही स्थिती असते: रांगेला खिडकी रिकामी दिसते, पण कारकून पळून गेलेला नसतो. तो आत कशासाठी अडकला आहे, हा खरा प्रश्न. आणि तो पुष्कळ वेळ अडकू शकतो, कारण डिस्कने उत्तर दिले नाही तर एका विनंतीसाठी विंडोज सहसा ६० सेकंदांपर्यंत थांबते. पाच सेकंदांनी खिडकी मेल्यासारखी दिसते आणि प्रतीक्षा मिनिटभर चालते. या फरकामुळे निव्वळ वाट पाहणारा प्रोग्रॅम बिघडलेला ठरवला जातो.

म्हणून पहिला भेद करायचा तो अडकणे आणि कोसळणे यांच्यात. खिडकी पांढरी पडून तशीच राहत असेल किंवा काही वेळाने पुन्हा जिवंत होत असेल, तर ते अडकणे. तिथे संशयाची सुई प्रथम डिस्क, पेन ड्राइव्ह आणि नेटवर्क यांच्याकडे जाते. सगळ्या खिडक्या झटकन नाहीशा होऊन टास्कबार पुन्हा येत असेल, तर ते कोसळणे. तिथे एक्सप्लोररच्या आत चालणाऱ्या परक्या कोडकडे आधी पाहावे. हा नियम पक्का नाही, कारण परके कोडही अडकू शकते आणि सडलेली डिस्कही प्रोग्रॅम कोसळवू शकते. पण तपास कुठून सुरू करायचा हे त्यावरून ठरते, आणि पुढची कसोटी तो संशय पक्का करते किंवा मोडून काढते.

ती कसोटी साधी आहे आणि तिचा उपयोग व्हायला हवा तितका होत नाही. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे सीएमडीची काळी खिडकी उघडावी आणि जो फोल्डर एक्सप्लोररमध्ये अडकतो त्याचीच यादी तिथे डीआयआर या आज्ञेने मागवावी; मग त्यातल्या काही फाइली कॉपी आज्ञेने दुसऱ्या डिस्कवर नेऊन पाहाव्यात. ही काळी खिडकी चित्रे दाखवत नाही, आयकॉन काढत नाही, उजव्या क्लिकचा मेनू बनवत नाही. ती फक्त डिस्कला विचारते आणि उत्तर छापते. यादी क्षणात आली आणि फाइलीही सुरळीत उतरल्या, तर डिस्क बहुधा निर्दोष आहे आणि दोष एक्सप्लोररच्या आतल्या पाहुण्यांचा, म्हणजे परक्या कोडचा आहे. तिथेही अडकले, तर एक्सप्लोररवर कितीही उपचार केले तरी उपयोग नाही. यादीवर समाधान मानू नये, फाइली कॉपी करून पाहणे आवश्यक आहे, कारण यादीसाठी फाइलीतला मजकूर वाचावा लागत नाही.

डिस्क दोषी निघाली तर पुढचा सगळा क्रम बदलतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर एखादा भाग वाचता येईनासा झाला की डिस्क आपणहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते, आणि तेवढा वेळ तिच्यापुढची बाकीची सगळी कामे ताटकळतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के व्यग्र दिसते, पण प्रत्यक्ष वाचनाचा वेग सेकंदाला काही केबी इतकाच असतो. ही जोडी दिसली की सावध व्हावे. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिमच्या नोंदींत ७, १२९ किंवा १५३ या क्रमांकांच्या डिस्कविषयीच्या इशाऱ्यांची रांग दिसली तर संशय आणखी घट्ट होतो: ७ म्हणजे खराब भाग, १२९ म्हणजे उत्तर न आल्याने करावा लागलेला रीसेट, १५३ म्हणजे पुन्हा करावी लागलेली मागणी. क्वचित सैल किंवा खराब केबलनेही १२९ आणि १५३ येतात, तेव्हा केबल बदलून पाहणे स्वस्तातले आहे. पण त्याआधी कागदपत्रे बाहेर काढायची. डीफ्रॅग, संपूर्ण डिस्क तपासणारी चेकडिस्क, ‘स्पीड वाढवणारे’ क्लीनर या सगळ्यांनी आजारी डिस्कला श्रम पडतात आणि उरलेसुरले आयुष्य त्यात खर्ची पडते. कॉपीसाठी विंडोजमधलीच रोबोकॉपी ही आज्ञा चांगली, मात्र तिला पुन्हा किती वेळा प्रयत्न करायचे ते स्पष्ट सांगावे, शून्य किंवा एक. काही न सांगितल्यास एक वाचता न येणारी फाइल ती दहा लाख वेळा आणि दर वेळी ३० सेकंद थांबून मागत राहते.

नेटवर्कची प्रतीक्षा अधिक फसवी असते, कारण ती चालू कामाशी संबंध नसलेल्या ठिकाणाहून येते. दोन संगणकांच्या केंद्रात एकाचा फोल्डर दुसऱ्यावर शेअर केलेला असतो आणि क्विक अॅक्सेसमध्ये खुंटीवर टांगल्यासारखा कायम असतो. पहिला संगणक बंद असला तरी दुसऱ्यावरचा एक्सप्लोरर उघडताना त्याची चौकशी करू शकतो, आणि जोडणी होत नाही हे कळायला वीसेक सेकंद सहज जातात. काढून नेलेल्या पेन ड्राइव्हवरचे, जुन्या प्रिंट सर्व्हरवरचे शॉर्टकट यांचीही तीच गत. एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये ‘क्विक अॅक्सेस’ऐवजी ‘धिस पीसी’ने सुरुवात करायला सांगणे, अलीकडच्या फाइलींचा इतिहास पुसणे आणि बंद पडलेल्या नेटवर्क ड्राइव्हची जोडणी तोडणे, एवढ्याने असे प्रकार मिटतात. हा इतिहास आणि छोट्या चित्रांचा साठा या दोन्ही गोष्टी विंडोज पुन्हा बनवते, त्यामुळे त्या पुसण्यात धोका नाही. पुसून काही दिवस बरे वाटले आणि पुन्हा तेच झाले, तर मात्र मूळ कारण अजून हाती लागलेले नाही असे समजावे.

आता पाहुण्यांकडे वळू, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे. एखाद्या फाइलवर उजवे क्लिक केले की जो मेनू येतो तो सगळा मायक्रोसॉफ्टचा नसतो. फाइली आवळणारा प्रोग्रॅम त्यात आपली ओळ घालतो, पीडीएफचा प्रोग्रॅम आपली, अँटिव्हायरस आपली, क्लाउड साठ्याचा प्रोग्रॅम फाइलीच्या आयकॉनवर हिरवी खूण काढतो, फोटो स्टुडिओत टाकलेले कोडेक पॅक व्हिडिओचे छोटे चित्र काढण्याचे काम अंगावर घेते. मराठी टायपिंगची काही साधनेही ज्या प्रोग्रॅममध्ये आपण टाइप करतो त्याच्या आत जाऊन बसतात, आणि फाइलीला मराठी नाव देताना तो प्रोग्रॅम एक्सप्लोरर असतो. या जोडण्यांना शेल एक्स्टेन्शन म्हणतात. त्यांतल्या पुष्कळशा एक्सप्लोररच्या स्वतःच्या प्रक्रियेत, त्याच्याच स्मृतीत चालतात. एकाने चुकीच्या जागी लिहिले की सगळा एक्सप्लोरर जातो. एकाने इंटरनेटवरून उत्तर यायची वाट पाहिली की सगळा एक्सप्लोरर थांबतो. दोषी एक, नाव दुसऱ्याचे.

फोल्डर नुसता पाहणे म्हणजे आत कोड चालणे, हे कुणाला अतिशयोक्त वाटेल. २०१० च्या जूनमध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्रॅम त्याचे जगभर गाजलेले प्रमाण आहे. पेन ड्राइव्हवरच्या शॉर्टकट फाइलीवर क्लिक करण्याचीही गरज नव्हती. एक्सप्लोररने तिचा आयकॉन दाखवायचा प्रयत्न केला की आतला घातक कोड चालू होत असे. मायक्रोसॉफ्टने २ ऑगस्ट २०१० रोजी नेहमीच्या वेळापत्रकाबाहेर दुरुस्ती काढली. त्या घटनेतून आपल्या विषयापुरते एवढे घ्यायचे: आयकॉन, छोटे चित्र, फोटोची लांबी-रुंदी, व्हिडिओचा कालावधी दाखवण्यासाठी एक्सप्लोरर प्रत्येक फाइलीचे पोट उघडून पाहतो, आणि ते पाहण्याचे काम बऱ्याचदा परक्याला दिलेले असते. अर्धवट उतरलेला एखादा व्हिडिओ किंवा तुटलेली पीडीएफ फोल्डरमध्ये असली तर नेमका तोच फोल्डर अडकतो. व्ह्यू मेनूतून छोट्या चित्रांऐवजी केवळ आयकॉन दाखवायला सांगावे, बाजूची प्रिव्ह्यूची चौकट बंद करावी. तेवढ्याने फोल्डर सुरळीत उघडला तर गुन्हेगार त्यातली एखादी फाइल किंवा ती वाचणारा प्रोग्रॅम आहे हे जवळपास निश्चित.

केंद्रचालकांच्या रोजच्या अनुभवातला आणखी एक पुरावा याच दिशेने बोट दाखवतो. अर्ज भरताना ‘चूज फाइल’ दाबले की फाइल निवडण्याची चौकट येते आणि तिथेच सगळे थिजते. दोष सरकारी संकेतस्थळाला दिला जातो. पण ती चौकट संकेतस्थळाची नसते, विंडोजची असते. तिच्यामागे एक्सप्लोररचेच कोड आणि तेच पाहुणे असतात. फोल्डरही अडकतो आणि ही चौकटही अडकते असे दिसले तर दोन तक्रारींचे कारण एकच आहे, आणि संकेतस्थळ त्यापुरते तरी निर्दोष आहे.

कोसळण्याची नोंद विंडोज स्वतः ठेवते. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ असे टाइप केले की दिवसवार तक्ता उघडतो. लाल फुलीवर क्लिक केले की कोणता प्रोग्रॅम केव्हा पडला आणि कोणत्या मॉड्यूलमध्ये पडला ते दिसते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कोसळण्याची नोंद १००० क्रमांकाची आणि अडकण्याची १००२ क्रमांकाची असते. ‘फॉल्टिंग मॉड्यूल’पुढे एखाद्या पीडीएफ किंवा कोडेक प्रोग्रॅमचे नाव असेल तर काम सोपे झाले: तो प्रोग्रॅम अद्ययावत करावा किंवा काढून टाकावा. पण तिथे एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस अशी विंडोजची स्वतःची नावे दिसली तर घाईने विंडोजला दोषी ठरवू नये. ती नावे प्रोग्रॅम जिथे पडला त्या जागेची आहेत, ढकलणाऱ्याची नाहीत. सोबतच्या एक्सेप्शन कोडकडे पाहावे. शेवटी सी००००३७४ असेल तर स्मृतीचा साठा आधीच कुणीतरी बिघडवला होता आणि विंडोजच्या लक्षात ते नंतर आले. सी००००००६ असेल तर गोष्ट वेगळीच आहे: प्रोग्रॅमला स्वतःचाच एक तुकडा डिस्कवरून किंवा नेटवर्कवरून वाचता आला नाही. हा कोड दिसला की पाहुण्यांचा तपास थांबवून थेट डिस्ककडे जावे.

नाव सापडले नाही तर निम्मे-निम्मे करत शोधावे. नीर सोफर यांचे शेलएक्सव्ह्यू हे फुकट मिळणारे छोटे साधन सगळ्या शेल एक्स्टेन्शनची यादी देते आणि मायक्रोसॉफ्टची सोडून बाकीची वेगळ्या रंगात दाखवते. परकी ३२ निघाली तर त्यांतली १६ बंद करून एक्सप्लोरर रिस्टार्ट करायचा. त्रास थांबला तर दोषी त्या १६ मध्ये, नाही तर उरलेल्या १६ मध्ये. पुढे ८, ४, २, १. पाच फेऱ्यांत उत्तर. काहीही काढून टाकलेले नसते, नुसते बंद केलेले असते, त्यामुळे चूक झाली तरी परत फिरता येते. त्रास मधूनमधूनच होत असेल तर प्रत्येक फेरीनंतर दिवसभर काम करून मगच पुढे जावे, नाहीतर योगायोगाने मिळालेली शांतता उत्तर समजली जाते.

तपासाला दुसरी नोंद का लागते याचे उदाहरण हिंगोली जिल्ह्यातच आहे. इथे औंढा नागनाथजवळ दुधाळा परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्याला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळा एकमेकींपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर आहेत, आणि १४ सप्टेंबर २०१५ ची पहिली लहर खरी मानली गेली त्याचे एक मोठे कारण म्हणजे ती दोन्हीकडे काही मिलिसेकंदांच्या अंतराने उमटली. एकाच ठिकाणी थरथर झाली असती तर ती स्थानिक गडबड ठरली असती. बिघाडाच्या तपासातही दुसरी नोंद हवी, तिच्याशिवाय स्थानिक आणि सार्वत्रिक यांत फरक करता येत नाही. ती मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे विंडोजमध्ये एक नवे यूजर खाते उघडून त्यात तोच फोल्डर पाहणे. नव्या खात्यात त्रास नसेल तर बिघाड जुन्या खात्याच्या सेटिंगमध्ये किंवा साठ्यात आहे. दोन्हीकडे असेल तर सगळ्यांसाठी बसवलेल्या एक्स्टेन्शनमध्ये, विंडोजमध्ये किंवा यंत्रात. तसेच तोच पेन ड्राइव्ह शेजारच्या संगणकावर लावून पाहावा.

या सगळ्यावर पहिला आक्षेप अनुभवाचा आहे: फॉरमॅट मारल्यावर संगणक चालतो, हे तर खरे ना? खरे आहे, आणि ते वरच्या म्हणण्याच्या बाजूचेच आहे. फॉरमॅटबरोबर सगळे पाहुणे बाहेर गेले, म्हणून तो चालला. मग पुन्हा तेच कोडेक, तेच क्लीनर, तेच जुने पीडीएफ साधन एका सीडीवरून किंवा पेन ड्राइव्हवरून बसवले जाते आणि काही आठवड्यांत तक्रार परत येते. डिस्क आजारी असेल तर नवी विंडोज योगायोगाने तिच्या धडधाकट भागात लिहिली जाते, चार दिवस बरे जातात आणि तेवढ्या काळात जुन्या कागदपत्रांच्या जागा पुसून जातात. चालणे आणि दुरुस्त होणे यांत हा फरक आहे.

दुसरा आक्षेप वेळेचा: समोर माणसे उभी असताना कोण नोंदी वाचत बसणार? रांगेच्या वेळी काहीही तपासायचे नाही, एक्सप्लोरर रिस्टार्ट करून काम पुढे न्यायचे, आणि किती वाजता, कोणत्या फोल्डरमध्ये, काय करताना अडले ते कागदावर टिपून ठेवायचे. एक्सप्लोररच्या व्ह्यू ऑप्शन्समध्ये फोल्डरच्या खिडक्या वेगळ्या प्रक्रियेत उघडण्याची सोय आहे. ती चालू केली की फोल्डर पडला तरी टास्कबार शाबूत राहते. संध्याकाळी तो कागद आणि विंडोजची नोंद शेजारी ठेवली की वेळा जुळतात. फॉरमॅट, मग प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र यांचे ड्रायव्हर आणि टायपिंगची साधने हे सगळे पुन्हा बसवण्यात अख्खा दिवस जातो. त्याच्याशी तुलना करता हा तपास स्वस्त आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार. परक्याच्या चुकीने कोसळणारा प्रोग्रॅम मुळात असा बांधलाच का? दोष अखेर बांधणाऱ्याचाच नाही का? काही अंशी आहे. मात्र हा निर्णय ज्या काळातला आहे तो पाहायला हवा. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी स्मृती पुरेशी असावी अशी अट होती. प्रत्येक पाहुण्याला वेगळी प्रक्रिया देणे त्या यंत्रांना झेपले नसते. पुढे स्मृती वाढली तसे मायक्रोसॉफ्टने पाहुण्यांना हळूहळू ओसरीवर बसवायला सुरुवात केली: व्हिस्टापासून छोटी चित्रे आणि प्रिव्ह्यू यांचे काम बऱ्याच अंशी वेगळ्या प्रक्रियांकडे गेले, आणि २०२१ च्या विंडोज ११ मध्ये उजव्या क्लिकचा जुना मेनू ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे नेला गेला, तेव्हा एक्सप्लोररच्या आत चालणाऱ्या या आज्ञांमुळे वेग आणि भरवसा दोन्ही घटतात हे कंपनीने स्वतः सांगितले. पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला, हा उशीरच म्हटला पाहिजे. पण बांधणीचा दोष मान्य केला तरी उपाय फॉरमॅट होत नाही, कारण नवी विंडोजही तशाच बांधणीची असते.

विषाणूचा संशयही नेहमी घेतला जातो, आणि पेन ड्राइव्हवरून फोल्डरांचे शॉर्टकट बनवणाऱ्या विषाणूंचा त्रास खरा आहे. विंडोज डिफेंडरची ऑफलाइन तपासणी करून तो निकाली काढावा. मात्र दोन अँटिव्हायरस एकाच वेळी बसवू नयेत. प्रत्येक फाइल उघडताना दोघेही तिची झडती घेतात, आणि हजारो स्कॅनच्या फोल्डरात तेवढ्यानेही एक्सप्लोरर गुदमरतो.

त्या हजारो स्कॅनबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. हजारो फोटो, पीडीएफ, डाउनलोड सगळे एकाच ठिकाणी साचले की विंडोज त्यांची माहिती काढत बसते. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘कस्टमाइज’ खाली ‘जनरल आयटम्स’ निवडले तर हा भार कमी होतो, आणि महिन्यावार फोल्डर केले तर आणखी. पण खरा प्रश्न असा की दोन वर्षांपूर्वी भरलेल्या अर्जासाठी दिलेले कुणाचे तरी आधार कार्ड त्या डिस्कवर अजून का आहे? ती कागदपत्रे केंद्रचालकाची नाहीत. काम झाल्यावर वैयक्तिक माहिती विनाकारण साठवू नये हेच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्व आहे. संगणक दुरुस्तीला जातो तेव्हा शेकडो कुटुंबांचे खाते क्रमांक आणि ओळखपत्रे त्याच्याबरोबर परक्या टेबलावर जातात. काम संपलेल्या प्रती पुसणे हा लोकांच्या विश्वासाचा भाग आहे. फोल्डर त्यामुळे हलका होतो हा जोडीचा लाभ.

विंडोज नव्याने टाकणे कधीच योग्य नसते असे नाही. डिस्क निर्दोष आहे, स्मृतीची तपासणी स्वच्छ आली आहे, सगळी परकी एक्स्टेन्शन बंद आहेत, नव्या खात्यातही त्रास आहे, आणि डिझम व एसएफसी या विंडोजच्या स्वतःच्या दुरुस्ती आज्ञा चालवूनही एक्सप्लोरर पडतो आहे, अशा वेळी ते करावेच. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्याने पुष्कळ जुन्या यंत्रांवर ही वेळ तशीही येणार आहे. तेव्हा जुन्याच हार्ड डिस्कवर विंडोज टाकण्यापेक्षा नवी एसएसडी बसवावी, जुनी डिस्क काढून तिच्यावर तारीख लिहावी आणि काही महिने तिच्यावर काहीही न लिहिता ती तशीच ठेवावी. कॉपीतून निसटलेली एखादी फाइल लागली तर ती फक्त तिथूनच मिळू शकते.